ऑस्टिओपॅथला ‘बरं असणं’ म्हणजे काय वाटतं? पहिल्या अपॉइंटमेंटआधी एवढं समजून घ्या

“मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या.” मी इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ म्हणून काम करते, म्हणजे सांधे-स्नायू हाताने तपासून हातानेच उपचार करते, आणि मराठी पेशंट आला की पहिलं वाक्य साधारण हेच असतं. साहजिकच आहे म्हणा, आपल्याकडे हाडवैद्य माहीत असतो, उसण भरली की पाय लावायला पायाळू माणूस शोधतात, त्यात हल्ली मोबाईलवर कडाकड मान मोडायचे व्हिडिओ, आणि नावातसुद्धा ग्रीक ‘ऑस्टिऑन’ म्हणजे हाड आहेच. मग माणूस येऊन बसतो आणि मी विचारते की झोप कशी लागते, पोट साफ होतं का, घरी कोण कोण असतं, शेवटचा मनासारखा दिवस कधी गेला... चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, की अहो पाठीचं बोला ना.

हे प्रश्न गप्पा मारायला नसतात. ऑस्टिओपॅथच्या डोक्यात आरोग्याचं एक चित्र असतं आणि तुम्ही सांगाल ते सगळं तो त्या चित्रावर ठेवून बघतो. ते चित्र तुम्हाला आधीच माहीत असेल तर अपॉइंटमेंट खूप जास्त कामाची होते, आणि समोरचा त्या चित्राच्या नावाखाली काहीही खपवत असेल तर तेही लगेच लक्षात येतं.

आधी ‘सांभाळून घेणं’ समजून घ्या

आपण म्हणतो ना, दुखणं अंगावर काढलं. शरीर हे सारखंच करत असतं. समजा दहा वर्षांपूर्वी घोटा मुरगळला, महिनाभर लंगडत चाललात, मग बरं झालं आणि विसरलात. पण त्या महिन्यात दुसऱ्या पायाने, खुब्याने, कमरेने जास्तीचं काम उचललं, आणि कधीकधी घोटा बरा झाला तरी ती सवय तशीच राहते. घरात एकजण आजारी पडला की दुसरा त्याचंही काम उरकतो, घर चालू राहतं, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही, अगदी तसंच. कोर्सच्या पुस्तकात याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, मी पेशंटला सांभाळून घेणं असंच सांगते कारण ते लगेच कळतं.

ऑस्टिओपॅथच्या हिशेबाने निरोगी माणूस म्हणजे काहीच वाकडं नाही, काहीच दुखत नाही असा माणूस नव्हे. असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. निरोगी म्हणजे ज्याच्याकडे सांभाळून घ्यायला अजून जागा शिल्लक आहे तो. एक रात्र जागरण झालं, चार बॅगा उचलल्या, एसटीत पाच तास उभं राहावं लागलं तरी दोन दिवसांत अंग परत जागेवर येतं. ही जागा संपत आली की मग तेवढ्याच कामाने कंबर धरते, आणि माणूस म्हणतो की अहो मी तर फक्त खाली पडलेला पेन उचलला! पेन निमित्त असतो. म्हणून आम्ही ‘काय बिघडलं’ यासोबत ‘इतके दिवस कोण सांभाळत होतं आणि ते आत्ताच का दमलं’ हे शोधतो. दुखतं ते बऱ्याचदा त्या दमलेल्या भागात.

दोन माणसांच्या एमआरआयमध्ये सारखीच गादी सरकलेली दिसते, एकजण रोज बॅडमिंटन खेळतो आणि दुसऱ्याला खुर्चीतून उठता येत नाही, हे डॉक्टर मंडळींनाही नवीन नाही. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मणक्यात असे बदल सापडतात. रिपोर्ट जरूर आणा, पण फक्त रिपोर्ट घेऊन येऊ नका.

हा विचार आला कुठून

ऑस्टिओपॅथी सुरू केली ती अँड्र्यू टेलर स्टिल यांनी, जन्म १८२८, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचे. वडील धर्मोपदेशक आणि डॉक्टर, त्यांच्याच हाताखाली हे डॉक्टरकी शिकले. तेव्हाची औषधं म्हणजे पाऱ्याचे क्षार, अफू, दारू, आणि त्यांनी पेशंट बरा होण्यापेक्षा खंगायचाच जास्त. १८६४ मध्ये स्टिल यांची तीन मुलं मेंदूज्वराने गेली. स्वतः डॉक्टर असून घरात काही करता आलं नाही, हे त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही. दहा वर्षांनी, २२ जून १८७४ ला, त्यांनी आपला वेगळा मार्ग जाहीर केला आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात ऑस्टिओपॅथीची शाळा काढली. पहिल्याच बॅचमध्ये बायकाही होत्या, त्या काळात ही फार मोठी गोष्ट.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की रोग तर कुणीही शोधेल, डॉक्टरने आरोग्य शोधावं. म्हणजे शरीरात स्वतःला सावरायची सोय आधीच आहे, रक्त नीट पोचलं, नसांना वाट मिळाली, सांधे हलते राहिले की ती सोय आपलं काम करते, डॉक्टरने फक्त वाटेतला अडथळा काढायचा. पुढे १९५३ मध्ये कर्क्सव्हिलच्याच अध्यापकांनी हे सगळं चार सूत्रांत बसवलं आणि आजही जगभर कोर्सची सुरुवात तिथूनच होते: माणूस शरीर-मन मिळून एकच आहे, शरीर स्वतःला सांभाळतं आणि दुरुस्त करतं, रचना आणि काम एकमेकांना घडवतात, आणि उपचार या तिन्हीला धरून हवेत.

आपल्याला यात फार परकं काही वाटत नाही. ‘स्वस्थ’ या शब्दाचा अर्थच स्वतःच्या ठिकाणी असलेला, आणि सुश्रुताची स्वस्थ माणसाची व्याख्याही नुसत्या शरीरावर न थांबता मन आणि इंद्रियं प्रसन्न असण्यापर्यंत जाते. पण म्हणून ऑस्टिओपॅथी म्हणजे आयुर्वेदच असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका, दोन्हींची मुळं, परीक्षा, उपचार पूर्ण वेगळे आहेत.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. स्टिल यांची मुलं ज्या प्रकारच्या आजाराने गेली त्यातल्या बॅक्टेरियाच्या मेंदूज्वरावर आज अँटिबायोटिक आहेत, काही प्रकारांवर लस आहे. तेव्हा शरीराला ‘स्वतःला सावरू द्या’ म्हणून ती मुलं वाचली नसती आणि आजही वाचणार नाहीत. शरीराची सावरायची ताकद खरी आहे, तिला मर्यादा आहे हेही तितकंच खरं आहे. जो ऑस्टिओपॅथ पहिलं बोलतो आणि दुसरं बोलत नाही त्याच्याकडे जाऊ नका. औषधं किंवा लस बंद करायला सांगणारा असेल तर तिथूनच उठा.

तो नक्की काय काय बघतो

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचे निकष छापले, त्यात बघण्याच्या पाच बाजू दिल्यात. सांगायला पाच, प्रत्यक्षात सगळ्या एकदमच चालू असतात. सांधे-स्नायूंवर भार कसा वाटला जातो ही पहिली, सगळ्यांना माहीत असलेली. दुसरी श्वास आणि रक्ताभिसरण, तिसरी नसा म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कसा जातो आणि जुन्या दुखण्यात तो निरोप उगाच मोठा कसा होतो ते. चौथी शक्तीचा जमाखर्च, लंगडत चालणारा माणूस त्याच अंतराला जास्त दमतो, ती शक्ती कुठूनतरी कमी पडते. आणि पाचवी मन, वागणं, घर, काम, पैसा, भीती. पोटाचा आणि झोपेचा प्रश्न का विचारला ते आता लक्षात आलं असेल.

मग हात. आम्ही शिकताना एक सराव असायचा, टेबलावर एक केस ठेवायचा, वर वहीचं एक पान, डोळे मिटून बोटाने केस शोधायचा. सापडला की दुसरं पान, मग तिसरं. सुरुवातीला माणूस बोट दाबतो आणि जितकं दाबावं तितका केस हरवतो, हात सैल सोडला की मग हळूच एक बारीक रेघ लागते. तोच हात नंतर पाठीवर फिरतो तेव्हा चार गोष्टी बघतो: कातडी-स्नायूचा पोत बदललाय का, दोन बाजूंत फरक आहे का, हालचाल कुठे अडते, आणि दाबल्यावर कुठे हुळहुळतं. हे सगळं मिळून जे सापडतं त्याला सोमॅटिक डिसफंक्शन असं भारदस्त नाव आहे. हा आजार नव्हे बरं का, ‘हा भाग नीट काम करत नाहीये’ एवढंच त्याचं मराठी करा आणि घाबरू नका.

इथे एक प्रामाणिक गोष्ट. एकाच पाठीवर दोन ऑस्टिओपॅथचे हात बऱ्याचदा वेगवेगळं सांगतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि एक खांदा वर, एक पाय किंचित लांब हे तर निम्म्या गावाचं असतं, त्याने दुखतंच असं नाही. म्हणून चांगला ऑस्टिओपॅथ हाताला लागलेलं तुमच्या सांगण्याशी आणि हालचालीशी ताडून बघतो, ‘माझ्या हाताला कळलं’ म्हणून निकाल देत नाही.

एक काकू

ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदललाय. साताऱ्याच्या काकू, लेकीच्या बाळंतपणासाठी इकडे आलेल्या, दीड महिना झालेला. उजवी मान आणि खांदा इतका धरलेला की मागून हाक मारली तर त्या अख्ख्या फिरायच्या. त्यांचंही तेच, “नस दबलीये, मोकळी करून दे गं.”

मी आधी त्यांना स्वेटर काढताना पाहिलं, मग खुर्चीत बसवून दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगितले आणि उजवीकडे वळा म्हटलं. पाठीचा मधला भाग, जिथून वळणं व्हायला हवं, तो जवळजवळ हललाच नाही, सगळं मान करत होती. मग बरगड्यांवर बाजूने हात ठेवून श्वास घ्यायला सांगितला तर खालच्या बरगड्या गप्प आणि खांदे वर. मान दोघांचं काम करत होती, वळायचंही आणि श्वासाचंही.

मग विचारलं की साताऱ्यात सकाळ कशी असते. इतका वेळ एकेक शब्दात उत्तरं देणाऱ्या काकू सुटल्याच. पहाटे अजिंक्यताऱ्यावर मैत्रिणींबरोबर चढायचं, येताना भाजी, मग अंघोळ. आणि इथे? इथे थंडी, चार वाजता अंधार, घराबाहेर एकटं पडायची भीती, सोफ्यावर झोप, रात्री बाळाला डाव्या खांद्यावर टाकून येरझाऱ्या, आणि जावयाच्या घरात दमले म्हणायचं कसं. ते शेवटचं त्या अगदी हळू आवाजात बोलल्या.

आता यांचं आरोग्य कुठे होतं सांगा? मानेत दोष शोधत बसले असते तर सापडलाही असता, त्या वयात मानेच्या एक्सरेत काहीतरी दिसतंच. पण सांभाळून घ्यायची जागा ज्याने मिळायची ते सगळं, चढण, मोकळा श्वास, बरोबरीच्या बायका, झोप, एकदम काढून घेतलं गेलं होतं. मी हाताने पाठीचा मधला भाग आणि बरगड्या मोकळ्या केल्या, मानेला जवळपास हातच लावला नाही. पण माझ्या मते खरं काम पुढचं होतं: लेकीला आत बोलावून तिघींनी ठरवलं की रोज दुपारी उजेड असताना बाळाला बाबागाडीत घेऊन अर्धा तास चालायचं, आणि रात्रीची एक पाळी जावई करेल. तिसऱ्या वेळेला काकू म्हणाल्या, पोर खांद्यावर असताना मागे वळून बघता येतं. मान पूर्ण बरी नव्हती. पण जागा परत आली होती.

हे माझ्या हातामुळे किती, चालण्याने किती, दिवस गेल्यामुळे किती हे वेगळं काढून सांगता येत नाही, आणि मी तसं सांगणारही नाही.

जायच्या आधी आठवडाभर हे करा

एक छोटी वही घ्या. दुखलं कधी ते सगळेच लिहितात, तुम्ही त्यासोबत बरं कधी वाटलं ते लिहा. कुठल्या दिवशी, काय करत असताना, आदल्या रात्री झोप कशी होती, बरोबर कोण होतं. अंघोळीनंतर वीस मिनिटं बरं वाटतं, रविवारी दुखत नाही, भाचा आला होता तेव्हा विसरलेच, अशी वाक्यं आमच्यासाठी सोन्यासारखी असतात कारण आरोग्य कुठे शिल्लक आहे ते त्यातून कळतं.

मग जुनं खोदा. पडणं, फ्रॅक्चर, प्लास्टर, ऑपरेशन, सिझेरियन, लहानपणचा दमा, दातांची मोठी कामं. “ते काय, पंधरा वर्षं झाली” म्हणून गाळू नका. चालू गोळ्यांची यादी हवीच, विशेषतः रक्त पातळ करायची किंवा स्टेरॉइडची असेल तर, कारण त्यावरून हाताचा जोर ठरतो.

काकूंची खुर्चीची परीक्षा घरी करून बघायला हरकत नाही: पाय जमिनीला टेकवून बसा, हात छातीवर, सावकाश दोन्हीकडे वळा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा की नक्की कुठून वळताय. जबरदस्ती नको, दुखलं की थांबा. यातून निदान करायचं नाहीये, स्वतःच्या शरीराची जरा ओळख होते इतकंच.

कपड्यांचं सांगते कारण आपल्या आया-मावश्या याच भीतीने येत नाहीत. ब्रिटनमध्ये तपासणीला वरचे कपडे काढायला सांगतात, पण तुम्ही सैल शॉर्ट्स आणि बनियनसारखा टॉप घालून येऊ शकता, बरोबर कुणाला तरी बसवू शकता, आणि नको म्हणू शकता, प्रत्येक वेळी. मान मोडायची नसेल तर नाही म्हणा, त्याऐवजी करण्यासारखं बरंच असतं. तो ‘कट’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होण्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे, आवाज आला नाही म्हणजे उपचार झाला नाही असंही नाही.

कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा

“तुमचा हा भाग कमी हलतोय, त्यामुळे कदाचित वर ताण येतोय, दोन-तीन वेळा करून बघू, फरक नाही पडला तर दुसरा विचार करू.” हे चांगलं बोलणं. यात ‘कदाचित’ आहे, मुदत आहे.

“कंबरेचं हाड सरकलंय, दर महिन्याला बसवायला यावं लागेल.” हे वाईट. याने माणूस वाकायला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस जास्त जखडतो. कंबरदुखीसाठी ब्रिटनच्या नाइस (NICE) या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की हाताचे उपचार करायचेच तर व्यायामाच्या जोडीने, एकटे नाहीत. त्यामुळे घरी करायला काहीच न देणारा ऑस्टिओपॅथ अर्धंच काम करतोय.

डोक्याला हलका हात लावून करतात ती क्रेनियल पद्धत अमेरिकेतले ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांनी काढली. लोकांना त्याने शांत वाटतं हे मीही पाहिलंय. पण कवटीची हाडं एका ठरावीक लयीत हलतात आणि ती लय हाताला कळते, याला चांगला पुरावा नाही. शांत वाटण्यासाठी घ्यायचं असेल तर घ्या, बाळाचा किंवा मोठ्यांचा आजार बरा करायच्या आशेने पैसे घालू नका.

आणि शिक्षण तपासा. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने हे नाव संरक्षित आहे, जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या रजिस्टरवर नसलेल्याने ऑस्टिओपॅथ म्हणवून घेणं गुन्हा आहे, नाव टाकून दोन मिनिटांत बघता येतं. अमेरिकेत डीओ (तिथली ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय पदवी) म्हणजे पूर्ण डॉक्टर, औषधं देतात, ऑपरेशन करतात, त्यातले कित्येकजण हाताचे उपचार करतही नाहीत, तेव्हा अमेरिकेतल्या नातेवाईकाचं ऐकून गोंधळू नका. भारतात कुणी पाटी लावली असेल तर मूळ पदवी काय, कोर्स किती तासांचा, पेशंटवर देखरेखीखाली काम किती, हे सरळ विचारा. आधी कुठलंही वैद्यकीय शिक्षण नसलेल्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष ४२०० तासांचा आहे, त्यात किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. शनिवार-रविवारच्या कोर्सचं सर्टिफिकेट याच्या जवळपासही जात नाही.

आमच्याकडे न येता थेट हॉस्पिटल

मांड्यांच्या आतल्या बाजूला, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद जाणं: त्याच दिवशी इमर्जन्सी, रात्र असली तरी. अचानक कधी नव्हे अशी मान किंवा डोकं दुखणं आणि सोबत बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, तोल जाणं, डबल दिसणं: तेही तसंच, आणि अशा वेळी कुणालाही मानेला हात लावू देऊ नका. ताप येऊन पाठ दुखतेय, कारण नसताना वजन उतरतंय, आधी कॅन्सर झालेला आहे, रात्री कुठल्याच कुशीवर थांबत नाही, मोठा मार लागलाय, तर आधी डॉक्टर. यातलं काही असेल आणि तुम्ही आमच्याकडे आलात तर आम्ही हात न लावता पुढे पाठवायला हवं.

दुसऱ्या वेळेला काय सांगायचं

उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकू शकतं, ते नोंदवून ठेवा. आल्यावर नुसतं “जरा बरं आहे” म्हणू नका. काय करता येतंय ते सांगा: दोन मजले चढले, बाळाला उचललं, पहाटे जाग न येता झोपले, दुखलं पण पूर्वी चार दिवस राहायचं ते एका दिवसात गेलं. हे शेवटचं तर आवर्जून सांगा, दुखणं तेवढंच असेल पण लवकर उतरत असेल तर आमच्या लेखी ती मोठी सुधारणा असते. आणि तीन-चार वेळा येऊनही यातलं काहीच हललं नसेल तर अजून सहा सेशनचं पॅकेज घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी मागा: काय तपासलं, काय केलं, काय फरक पडला नाही. मागितल्यावर ती मिळायलाच हवी.